काय बे, ही भाषा खरी का बनवलेली?

मुळू तोंडं, उधानू डोळे, अंगुळू हात. ओळखा, देव कोणता?

शंकर. मुळू म्हणजे पाच, उधानू म्हणजे तीन आणि अंगुळू म्हणजे दहा. हे कोडं माझं नाही. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर एक अभंग सांगतात, त्यातलं स्वामीचं वर्णन याच हिशेबात चालतं. पुढे त्यात एकवीस येतात, सात येतात, हजार तोंडांचा शेषही येतो. नेहमीचा आकडा मात्र एकही येत नाही. सातला पवित्र, विसाला काटी, हजाराला ढकार.

ही नंदभाषा. जुन्या महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांची आणि दलालांची आकड्यांची गुप्त भाषा. मोल्सवर्थच्या कोशातही ती भेटते. एक ते दहा मोजायचे तर असे: केवली, अवारू, उधानू, पोकू, मुळू, शेली, पवित्र, मंगी, तेवसू, अंगुळू. शंभराला बिटी. आता डोळ्यांसमोर पेढी आणा. गिऱ्हाईक गादीवर बसून लुगड्याचा पदर बोटांनी चाचपतंय आणि शेठजी त्याच्यादेखत आतल्या मुनिमाला विचारतायत, "मुळू सांगितलेत, पोकूवर सोडू का?" गिऱ्हाइकाला वाटतं, मुळू आणि पोकू ही शेठजींची नातवंडं असावीत.

संताला हे आकडे कुठून आले, असं विचाराल तर विसोबांचं आडनाव बघा. ज्ञानदेवांच्या भावंडांना छळणारा, मांड्यांच्या गोष्टीतला विसोबा चाटी तो हाच, असं परंपरा सांगते. चाटी म्हणजे कापडविक्या. सोलापुरात कापडाच्या दुकानांची चाटी गल्ली अजून त्याच नावानं नांदते. विसोबांची समाधी बार्शीला दाखवतात, म्हणजे तीही आपल्याच जिल्ह्यात. धंद्यातली लपवाछपवीची भाषा थेट देवाच्या पायाशी नेऊन ठेवणारा हा कापडवाला मला फार आवडतो.

तर प्रश्न असा: कुणीतरी बसून बनवलेली भाषा ही खरी भाषा म्हणायची का? जगात यावर विद्वान हिरिरीनं भांडतात. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी ऐकत मोठ्या होणाऱ्या सोलापूरकराला या भांडणात बोलायचा जरा जास्तच हक्क आहे.

चोलापूरस, चार्शीब, चंढरपूरप

नंदभाषेचा निकाल लगेच लावून टाकू. ती भाषा नाही. आकडे तेवढे वेगळे, बाकी 'सांगितलेत', 'सोडू का' हे सगळं चोख मराठी. वरची गवसणी बदलली, आतली तंबोरी तीच.

पोरांची 'च'ची भाषा याच जातीची. शब्दाच्या पहिल्या व्यंजनाच्या जागी च बसवायचा आणि हाकललेलं व्यंजन शब्दाच्या शेपटाला लावायचं. सोलापूरचं चोलापूरस होतं, बार्शीचं चार्शीब, पंढरपूरचं चंढरपूरप. हिचा जनक कोण, कुणाला ठाऊक नाही. व्याकरणाचं पुस्तक नाही, शिकवणी नाही, तरी दहा वर्षांची पोरगी ही भाषा मोठ्यांना कळणार नाही इतक्या वेगानं बोलते. मोठी झाली की विसरते. (काही शब्द 'च'च्या भाषेत नेले की भलतेच निघतात. ते घरी तपासा, इथे छापता येणार नाहीत.)

फ्रान्समधल्या पोरांचा असाच एक खेळ आहे, वेर्लां. शब्दाचे तुकडे उलटेपालटे करायचे. पॅरिसच्या उपनगरांतल्या तरुणांनी तो इतका लावून धरला की त्यातले काही शब्द फ्रेंच शब्दकोशात जाऊन बसले. आपल्या 'च'नं तेवढी महत्त्वाकांक्षा दाखवली नाही.

रुमालाखाली काय चाललंय?

तोंडही उघडायचं नसेल तर त्याची सोय आहे. जनावरांच्या बाजारात जुना दलाल विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वरून उपरणं किंवा रुमाल टाकतो आणि बोटं दाबायला लागतो. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकड्यात बोलायचं का हजारात, ते आधीच ठरलेलं. चारचौघं भोवती उभे असतात, बैल मधोमध रवंथ करत असतो आणि सौदा कापडाखाली तुटतो. बाहेर दिसतं ते फक्त दोघांचं तोंड. एकाचं आंबट, एकाचं त्याहून आंबट. दोघंही खूश आहेत हे ओळखायला अनुभव लागतो.

यालाच हत्ता पद्धत म्हणतात. शेतमालाच्या लिलावातही ती चालायची आणि त्यात शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळायचा नाही. बाजार समित्यांच्या कायद्यानं उघड लिलावाचा आग्रह धरला तो याचसाठी. आज सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याचा भाव ओरडून पुकारला जातो. भाव ऐकून शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते येतंच, निदान भाव कानांनी ऐकू येतो.

हातांचा याहून भारी प्रकार म्हणजे करपल्लवी. इथे आकडे नाहीत, आख्खी वर्णमाला बोटांवर. हाताची नागफणी केली की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र फिरवलं की च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार केला की ट-वर्ग. मग त्या वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी दाखवायचं. म्हणजे 'ग' म्हणायचा तर कमळ आणि तीन बोटं. 'गप बस' एवढं सांगायलाही किती कसरत करावी लागेल, हिशेब करा. तोवर समोरचा दोन वाक्यं जास्त बोलून मोकळा. गुप्ततेला उत्तम, भांडणाला निकामी. आणि भांडणाला निकामी असलेली भाषा मी पूर्ण भाषा मानत नाही. ही कसोटी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लिपी लपवण्यात महानुभावांचा हात धरणारा कुणी नव्हता. आपले ग्रंथ परक्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांनी सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या बनवल्या. त्या इतक्या पक्क्या की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी उलगडेपर्यंत मराठीतलं आद्य गद्य बाकीच्या मराठी जगाला वाचता येत नव्हतं. आत मात्र मराठीच, तीही लखलखीत.

तेच कुलूप, वेगळा न्याय

इथे जरा थांबतो. व्यापाऱ्यानं आकडे लपवले तर ती नंदभाषा झाली आणि कोशात जाऊन बसली. पारधी, भामटे, कैकाडी, गारुडी यांनी आपापसात वेगळी बोली वापरली तर इंग्रज सरकारनं तिला चोरांची बोली ठरवलं. जॉर्ज ग्रियर्सननं भारतीय भाषांच्या पाहणीचा अकरावा खंड १९२२ साली काढला. त्यात या भटक्या लोकांच्या बोली जमवल्या आहेत. त्यातल्या कित्येकांत शब्दाचं पहिलं अक्षर बदलायचं, नाहीतर पुढे एखादं अक्षर चिकटवायचं, अशा युक्त्या आहेत. म्हणजे 'च'च्या भाषेचीच मोठी भावंडं. पोरीनं केलं तर खेळ, शेठजीनं केलं तर धंदा, पारध्यानं केलं तर पुरावा!

सोलापूरला ही गोष्ट वाचून माहीत नाही, राहून माहीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. पुढे त्यांना तारेच्या कुंपणात डांबून हजेरी घ्यायला वसाहती निघाल्या. त्यांतली एक मोठी सोलापुरात होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून गेला. शहरातल्या त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

या जमातींची मूळ भाषा आणि लपवायची बोली या दोन वेगळ्या गोष्टी. कैकाडी ही मुळात द्राविडी कुळातली चांगली धडधाकट भाषा आहे. ती कुणी बनवली नाही. तिला बनावट ठरवलं गेलं, इतकंच.

वॉर्सातला डोळ्यांचा डॉक्टर

आता खरोखर बनवलेल्या भाषेकडे. २६ जुलै १८८७. वॉर्सामध्ये लुडविक झामेनहॉफ नावाच्या तरुण डॉक्टरनं एक चोपडं छापलं. टोपणनाव घेतलं डॉक्टर एस्परांतो, म्हणजे आशा धरणारा. तेच पुढे भाषेचं नाव झालं. तो वाढला त्या बिआलिस्तोक गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक एकमेकांकडे डोळे वटारत राहायचे. सगळ्यांना मिळून एक परकी भाषा दिली तर भांडणं मिटतील, असं त्याला वाटलं. बिचारा सोलापुरात जन्मता तर त्याला कळलं असतं की चार भाषा असल्या तरी एकाच टपरीवर चहा पिता येतो.

एस्परांतोचे मूळ नियम सोळा. नाम ओकारान्त, विशेषण आकारान्त, क्रियाविशेषण एकारान्त, अपवाद शून्य. दहावीच्या पोरांनी डोक्यावर घेऊन नाचावं असं व्याकरण! बाप म्हणजे पात्रो. स्त्रीलिंगी करायला मध्ये 'इन' घालायचं, म्हणून आई म्हणजे पात्रिनो. मराठीत सांगायचं तर बापीण. यावरून झामेनहॉफला आजवर पुष्कळ बोलणी बसली आहेत आणि ती रास्तच आहेत.

हिच्या आधी एक मोठी बहीण होती, व्होलाप्यूक. श्लायर नावाच्या जर्मन पाद्र्यानं १८७९-८० च्या सुमारास काढलेली. ही भाषा बनवायला देवानंच सांगितलं, असं त्याचं म्हणणं. दहा वर्षांत ती युरोपभर पसरली, १८८९ साली पॅरिसला तिची परिषद भरली. मग अनुयायांना सुधारणा हव्याशा वाटल्या. पाद्री म्हणाला, भाषा माझी, शेवटचा शब्द माझा. झालं, डोलारा कोसळला. आज डॅनिश भाषेत व्होलाप्यूक म्हणजे न कळणारी बडबड. झामेनहॉफ उलट वागला. भाषेवरचा हक्क त्यानं सोडून दिला आणि ती बोलणाऱ्यांची आहे म्हणून मोकळा झाला. त्याची टिकली.

टिकली म्हणजे किती? हिटलर आणि स्टालिन या दोघांनीही एस्परांतोवाल्यांचा छळ केला. दोघांना एकाच वेळी खुपणारी गोष्ट अगदीच काल्पनिक नसावी. १९५४ साली युनेस्कोनं तिच्या बाजूनं ठराव केला. एस्परांतोवाल्या आईबापांच्या पोटी जन्मून तीच मातृभाषा म्हणून बोलणारे लोकही आहेत, जगभरात मिळून हजाराच्या आसपास. आणि मराठी माणसाला झोंबणारी गोष्ट अशी की विकिपीडियावर एस्परांतोतले लेख साडेतीन लाखांवर आहेत आणि मराठीतले लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त होते. बनवलेली कोण आणि झोपलेली कोण?

आपली माणसंही तिच्या वाटेला गेली होती. विनोबांना भाषा शिकायचं वेडच. १९५८ साली पंढरपूरच्या विठ्ठलाच्या दर्शनाला सर्व धर्मांचे सोबती घेऊन गेलेले विनोबा एस्परांतोही शिकले. आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं भाषाविज्ञान शिकवणारे प्रबाल दासगुप्ता २००७ ते २०१३ या काळात जागतिक एस्परांतो संघटनेचे अध्यक्ष होते. जगभरच्या एस्परांतोवाल्यांचा प्रमुख एक बंगाली माणूस, हे कितीजणांना माहीत आहे?

या भाषेतलं एक क्रियापद मला फार गमतीचं वाटतं: क्रोकोदिली. अर्थ, मगरपणा करणं. एस्परांतोवाल्यांच्या मेळाव्यात दोघंतिघं आपल्या मातृभाषेत कुजबुजू लागले की ते मगरपणा करतात. सोलापुरात हा नियम लावला तर लग्नाच्या पंगतीत माणसं कमी आणि मगरीच जास्त निघतील. मामा कन्नडात, व्याही तेलुगूत, वाढपी मराठीत आणि बँडवाले दखनीत.

कालकेयाची तेलुगू नव्हे, किलिकी

२०१५ साली 'बाहुबली' आला. सोलापूरच्या पूर्व भागात विणकर पद्मशाली समाजाची मोठी वस्ती, तिथे तेलुगू सिनेमाला दुभाषा लागत नाही. पण पडद्यावर कालकेयांचा तो काळाकभिन्न सरदार तोंड उघडून गरजला तेव्हा मात्र सगळं थिएटर समान पातळीवर आलं. मराठी प्रेक्षकाला कळेना, तेलुगूलाही कळेना.

ती किलिकी. तमिळ गीतकार मदन कार्की यांनी बनवलेली. साडेसातशे शब्द आणि चाळीसेक नियम घेऊन ती सिनेमात उतरली. तिचं बी मात्र पडलं ऑस्ट्रेलियात. विद्यार्थी असताना कार्की तिथे पोरं सांभाळायचे, त्या पोरांबरोबर खेळता खेळता त्यांनी क्लिक नावाची एक छोटी भाषा तयार केली होती. किलिकीत 'मिन' म्हणजे मी आणि 'निम' म्हणजे तू. शब्द उलटा केला की मीचा तू होतो. रणांगणावर माणसं कापणाऱ्यांची भाषा पाळणाघरात सुरू झाली! २०२० च्या जागतिक मातृभाषा दिनी तिचं संकेतस्थळ निघालं, लिपीसुद्धा आली. कुणाच्याच आईची नसलेली भाषा मातृभाषा दिनी, हा विनोद मुद्दाम केला होता का, कोण जाणे.

हॉलिवूड यात जुनं. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन लोकांसाठी मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञानं भाषा बनवली आणि १९८५ साली तिचा शब्दकोश काढला. हॅम्लेट त्या भाषेत आला आहे. वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता, कारण परग्रहावरची वाटायला हवी. तिच्यात 'नमस्कार' नाही. भेटल्यावर जे म्हणतात त्याचा अर्थ 'काय पाहिजे?' म्हणजे क्लिंगॉन माणूस दुपारी दोनला आपल्याकडच्या एखाद्या दुकानात शिरला तर त्याला घरच्यासारखं वाटेल.

या भाषेवर कज्जाही झाला. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी स्वतःचा सिनेमा काढायला घेतला तेव्हा मालक कंपन्यांनी दावा लावला आणि क्लिंगॉन भाषेवरही आपला हक्क सांगितला. तेव्हा भाषा बनवणाऱ्यांची संघटना मध्ये पडली. लोक बोलतात त्या भाषेची मालकी कुणाकडे कशी असेल, असं तिनं कोर्टाला लिहून दिलं आणि त्या निवेदनात मध्ये मध्ये चक्क क्लिंगॉन वाक्यं पेरली. प्रकरण २०१७ साली आपसात मिटलं. भाषेच्या मालकीवर निकाल आलाच नाही. आला असता तर पाद्री श्लायर स्वर्गातून कान देऊन ऐकत बसला असता.

दुसरं मूल कुठंय?

आता माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली जिथे आहे ती गोष्ट. एका अमेरिकी भाषातज्ज्ञानं आपल्या मुलाशी पहिली तीन वर्षं फक्त क्लिंगॉनमध्ये बोलायचं ठरवलं. आई इंग्रजीत बोलायची. घरातल्या साध्यासुध्या वस्तूंना क्लिंगॉनमध्ये शब्दच नव्हते. लढाईची सोय होती, दुधाच्या बाटलीची नव्हती. पोरगं काही दिवस बोललं, मग कंटाळून इंग्रजीत उत्तरं द्यायला लागलं. बापानं नाद सोडला.

याच्या शंभर वर्षं आधी जेरुसलेममध्ये एलिएझर बेन येहुदा नावाच्या गृहस्थानं हेच केलं होतं. भाषा होती हिब्रू. ग्रंथांत आणि प्रार्थनेत ती टिकून होती, पण कुणाच्याही घरात ती बोलली जात नव्हती. १८८२ साली मुलगा झाला. घरात हिब्रूशिवाय शब्द नको, असा त्याचा दंडक. बायकोनं एकदा रशियन अंगाई म्हटली म्हणून त्यानं आकांडतांडव केल्याची गोष्ट सांगतात. आइस्क्रीमपासून वर्तमानपत्रापर्यंत शेकडो शब्द त्याला घडवावे लागले. आज हिब्रू ही लाखो लोकांची रोजची भाषा आहे. तिच्यात बसमधल्या जागेवरून भांडतात.

बाप दोन्ही हट्टी होते. फरक पडला तो शेजाऱ्यांमुळे. हिब्रू बोलणारं दुसरं मूल आलं, मग शाळा आली, मग गल्ली आली. क्लिंगॉनवाल्या पोराला खेळायला कुणी मिळालं नाही.

हुतात्मा किती वाजता सुटते?

बनवलेले शब्द आपल्या तोंडीही काही कमी नाहीत. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात चौदाशेच्या आसपास शब्द. पेशव्याचा पंतप्रधान, सरनोबताचा सेनापती, मुजुमदाराचा अमात्य. गंमत अशी की पुढची शंभर वर्षं लोक पेशवे, पेशवेच म्हणत राहिले, आख्ख्या काळाला पेशवाई नाव पडलं. पंतप्रधान वाट पाहत बसला तो थेट १९४७ पर्यंत. आता पेशवा म्हटलं की इतिहासाचं पुस्तक आठवतं.

सावरकरांनी रूढ केलेले शब्दही असेच. महापौर त्यांचा, हुतात्मा त्यांचा. १९३० च्या मार्शल लॉनंतर सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चौघांच्या घरच्या बोली बघायला गेलं तर वेगवेगळ्या. आज चार पुतळ्यांपाशी त्यांना ज्या एका शब्दानं हाक मारतात तो घडवलेला आहे, आणि पुण्याला जाणारा सोलापूरकर तोच शब्द गाडीचं नाव म्हणून सहज वापरतो: "हुतात्मा गेली का बे?"

प्रत्येक घडवलेला शब्द मात्र असं भाग्य घेऊन येत नाही. महाराष्ट्र सरकारनं १९६२ साली सरकारी पदांसाठी पदनामकोश काढला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला बदनामकोश म्हणून झोडपलं. त्यातले काही शब्द फायलीतून बाहेर पडलेच नाहीत. काही मात्र अत्र्यांना न जुमानता रुजले. अभियंता, अधीक्षक म्हणताना आता कुणी हसत नाही.

कुणीच न बनवलेली गोष्ट

'काय करलालास बे?' हे वाक्य पुण्याच्या माणसाला ऐकवा. 'काय करतो आहेस' याचं हे सोलापुरी रूप त्याला चुकीचं वाटेल, फार तर मजेशीर. पण करलालास, जेवलालाय, येलालोय हे सगळं ठरलेल्या चालीनं जातं. नियम आहे म्हणूनच नवा सोलापूरकर एखादं क्रियापद चुकवतो तेव्हा जुना सोलापूरकर हसतो. समिती बसली नाही, कोश निघाला नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात कुपवाडला तर याहून मोठा चमत्कार सापडला. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचा अभ्यास करून १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. शतकानुशतकं शेजारी राहून या भाषांचे सांधे इतके जुळले होते की एका भाषेतलं वाक्य घ्या, शब्दाच्या जागी शब्द ठेवा, दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. झामेनहॉफला जे कागदावर साधायचं होतं त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी गावकऱ्यांनी बांधावर उभ्या उभ्या करून टाकलं होतं.

मग खरी भाषा कुठली, हे ठरवतं कोण? बहुतेक वेळा कारकून. तोकी पोना नावाची एक चिमुकली भाषा आहे. सोन्या लँग या कॅनडातल्या बाईंनी २००१ साली मांडलेली, मूळ शब्द सव्वाशेच्या आत. भाषांना संकेतांक देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेनं आधी तिला नाकारलं आणि २०२२ साली संकेतांक दिला. आता भारतात या. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावं सांगितली. त्यांची गाळणी, जुळणी होऊन शेवटी भाषा उरल्या १२१. लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगणारे तीस लाखांहून जास्त निघाले, आणि त्यांची गणती हिंदीच्या खात्यात झाली. वडारी तेलुगूच्या खात्यात. सोलापूरच्या भोवतालच्या तांड्यांवर जाऊन एखाद्या म्हातारीला सांगून बघा, आजी, तुम्ही बोलता ती हिंदी आहे. उत्तर लमाणीत मिळेल आणि ते छापण्याजोगं नसेल.

तर माझा निकाल ऐका. नंदभाषा, 'च'ची भाषा, करपल्लवी: झकास, पण भाषा नव्हेत, मराठीचे वेष आहेत. क्लिंगॉन आणि किलिकी: हौशी लोकांच्या हाती आहेत, अजून गल्लीत उतरलेल्या नाहीत. एस्परांतो: खरी भाषा, वाद नको. तिच्यात लोक प्रेमात पडले, पोरं वाढली आणि मगरपणा करू नका म्हणून एकमेकांवर ओरडले. लमाणी, वडारी, कैकाडी: यांच्याबद्दल विचारणाऱ्यालाच उभं करून प्रश्न विचारायला हवा.

शेवटी एक काम. तुमच्या घरी चाटी गल्लीत, मंगळवार पेठेत किंवा बार्शीच्या बाजारात आयुष्य काढलेले कुणी आजोबा असतील, तर त्यांना केवली, अवारू म्हणून बघा. पुढचे आकडे त्यांच्या तोंडून आपोआप आले तर लगेच कागद घ्या. दहाच्या पुढचे, आण्याचे, पावलीचे, रुपयाचे सगळे शब्द लिहून घ्या, आवाज मोबाइलवर घ्या, कुठल्या पेढीवर ऐकले तेही विचारा. कोशात यादी आहे, पण ती वापरून केलेला सौदा कोशात नाही.